पदराखालची सात वर्षं

अक्का, तू मला दोनदा फसवलंस. एकदा वाटणीत आणि एकदा पदराखाली.

हे आधीच लिहून टाकतो, कारण तू गेल्यापासून जो येतो तो तुझ्याबद्दल गोडच बोलतो. बाई किती कष्टाची, किती सोसलं, जन्मात कुणाला लुबाडलं नाही. मी मान हलवतो, चहाचा कप पुढं सरकवतो आणि मनात म्हणतो, पाव्हणं, तुम्ही तिच्याशी सौदा केलेला दिसत नाही.

वाटणीचं तुला तोंडपाठ आहे, तीस वर्षं मी तेच ऐकवलं. तरी परत सांगतो, कारण राग अजून गेलेला नाही. आपला बाप बैलबाजारात दलाल. दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याला त्याची आठ एकर जमीन. नवरा गेल्यावर तू कडेवर संदीप घेऊन माहेरी आलीस आणि बापाची शेती ओढायला लागलीस. मी त्याच्या आधीच घर सोडलेलं. शहरात हातगाडीवर कूलरचं गवत विकत फिरत होतो. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा वाटणी झाली. खालची तीन एकर काळी, पेरूची बाग आणि विहीर तुला. वरची पाच एकर बरड मला. बरड म्हणजे वर मुरूम, खाली मुरूम आणि मध्ये धोतरात अडकणारी कुसळं.

मी बापाला जाब विचारला, तर तो म्हणाला, अक्काला विचार. तू खुरपं खाली न ठेवता म्हणालीस, "मोजून घे किसना. तुला दोन एकर जादा हायेत."

मी एवढा ओरडलो की बांधापलीकडची माणसं धावत आली. वर्षभर तुझ्या घरचं पाणी प्यायलो नाही. आणि त्या रागावरच धंदा उभा केला, हेही तुला माहीत होतं. आधी गवत, मग दुरुस्ती, मग पत्रे वाकवून स्वतःचे कूलर, मग उस्मानपुऱ्यात दुकान. मला कुणी काही दिलं नाही. गिऱ्हाईक पत्र्यावर टिचकी कशी मारतं त्यावरून मला कळतं की ते घरून किती ठरवून आलंय. चाळीस वर्षांत भल्याभल्यांना घाम फोडला. तुझ्यापुढं मात्र एकदाही जिंकलो नाही.

बापानं आपल्याला एकच विद्या दिली, रुमालाखाली बोलायची. बैलबाजारात घेणारा आणि विकणारा आपले हात एका रुमालाखाली घालतात. आकडा दहाचा की शंभराचा एवढंच तोंडानं सांगायचं, बाकी सगळं बोटांनी. एक बोट दाबलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच, पंज्यानंतर दोन बोटं म्हणजे सात. तोंडं मात्र दुसरीकडं, आणि बोलणं भलतंच, पाऊसपाण्याचं, पाव्हण्यांचं. भोवती शंभर माणसं असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. बापाचा नियम एकच होता. या सौद्याला साक्षीदार नसतो, म्हणून तो मोडायचा नसतो.

बाईमाणसाला बैलबाजारात कोण उभं करणार? तर तू ती विद्या पेरूच्या व्यापाऱ्यांवर चालवलीस. पाटीच्या काठावर पदराचं टोक टाकायचीस आणि म्हणायचीस, "घाला हात, शेठ." व्यापारी एवढे लाजायचे की दुसऱ्या आकड्याला सौदा संपवून हात काढून घ्यायचे. मी हे बघितलं तेव्हा पोट धरून हसलो होतो. आपल्यावरही हीच वेळ येणार आहे हे तेव्हा कळलं नाही.

चार वर्षांपूर्वी होळी झाल्यावर मुरूमवाला ठेकेदार माझ्या दुकानात आला. त्याला माझं बरड खरवडून न्यायचं होतं, खालचा दगड लागेपर्यंत. रस्त्यांची कामं निघाली होती, मुरमाला मागणी होती. मला दुकानाशेजारी मोठी शेड घालायची होती. तीस वर्षं पडून असलेल्या जमिनीनं पहिल्यांदा तोंड उघडलं असं मला वाटलं. अडचण एकच. त्याच्या गाड्यांना बरडावर जायला वाट तुझ्या शेतातून.

मी दुकानाच्या बिलाच्या मागच्या बाजूला खर्च आणि फायदा असे दोन रकाने करून तुझ्याकडं आलो. तू विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडायचं त्या दगडी कुंडाच्या काठावर, बसून पेरू निवडत होतीस. बहुतेक पेरू एका बाजूनं भाजल्यासारखे डागाळलेले. चष्म्याला दोरा बांधलेला. कागद लांब धरून तू वाचलास आणि म्हणालीस, "ह्यात उन्हाळा कुठं लिहिलाय?"

"उन्हाळ्याला काय भाव असतो, अक्का?"

"नाय? मग तू कूलर कशाच्या जिवावर इकतोस?"

अशी माझी बोलती बंद करणारी तू एकटीच. मग तू सांगत गेलीस आणि मी चिडत चिडत त्याच कागदावर लिहीत गेलो. चैत्रातच झाडाला फूल टिकत नाही, ते लिही. गडी अकरा वाजता कुदळ टाकून सावलीला जातात आणि चारला परत येतात, मधले तास लिही. परवाच्या गारपिटीत बाग झोडपली ते लिही. विहीर शिमग्याला तळ दाखवते ते लिही. तुझा मुरूम गेल्यावर वरून येणारं पाणी अडणार नाही, झिरपणार नाही, सरळ ओढ्याला जाईल, ते खर्चाच्या बाजूला लिही, फायद्याच्या नव्हं.

"आणि तुला काय पायजे ते पण सांग," मी म्हणालो. मला वाटलं, वाटेचं भाडं मागशील.

"बरडावर आडवे चर खण. गवत राख. झाडं लाव. खर्च तुझा."

"माझा? रान माझं, खर्च माझा, आणि पाणी तुझ्या विहिरीला?"

"व्हय."

मी म्हणालो, "अक्का, सगळ्या जगाचा धूर, आणि भोक माझ्या खिशाला? ज्यांनी कारखाने घातले, गाड्या उडवल्या, त्यांनी द्यावं की. मी पाच एकरात चर खणून जगाचं ऊन कमी होणार हाय का?"

"नाय होणार."

"मग?"

"त्यांनी द्यावं हे खरंच हाय. जा, घेऊन ये त्यांच्याकडून. तू तर लई मोठा सौदेबाज. पण तू येईस्तोवर मी हिर कोरडी ठेवू का?"

आपलं हे भांडण तसंच राहिलं, अक्का. टीव्हीवर मोठमोठी माणसं कोट घालून हेच भांडताना दिसतात. आज केवढा खर्च, पुढं केवढा फायदा, कुणी किती उचलायचा. मी बघतो आणि वाटतं, यांच्यात एक तुझ्यासारखी बाई बसवली असती तर दुपारपर्यंत मिटलं असतं. पण माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. ज्यानं कमावलं त्यानं आधी द्यायला पाहिजे. तूही ते कधी खोडलं नाहीस. तू फक्त त्यांची वाट बघत बसायला नाही म्हणालीस.

त्या दिवशी मी कागद फाडून निघून आलो. आठवडाभरात काय झालं ते तुला मीच सांगितलं आणि त्याबद्दल मला अजून पस्तावा होतो. उस्मानपुऱ्यातल्याच एक बाई, बँकेतून निवृत्त झालेल्या, नवा घेतलेला कूलर टेम्पोत घालून परत घेऊन आल्या.

"काय बिघडलं?" मी आवाज चढवूनच विचारलं. विकलेला माल परत आला की माझं डोकं फिरतं.

"बिघडलं काहीच नाही हो," त्या म्हणाल्या. "उत्तम आहे. पण त्याला पाजू काय? नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. टँकरच्या पाण्यात स्वयंपाक करू की तुमच्या कूलरची टाकी भरू? तुम्हीच सांगा, मी तसं करते."

मी त्यांच्याशी पंधरा मिनिटं भांडलो. मग कूलर उतरवून घेतला आणि गल्ल्यावर बसून राहिलो. ऊन वाढलं की माझा धंदा वाढतो, हे मी आयुष्यभर धरून चाललो होतो. त्याच उन्हानं पाणी आटलं तर माझा कूलर म्हणजे नुसता आवाज करणारा पत्रा, हे माझ्या एकाही कागदावर नव्हतं.

तुला सांगितलं तर तू एवढी हसलीस की ठसका लागला. मग डोळे पुसलेस, थारोळ्यावर पदराचं टोक पसरलंस आणि म्हणालीस, "घाल हात."

"कशाचा सौदा?"

"वर्षांचा. आकडा एकाचा. तेवढी वर्षं मुरूम इकायचा नाय, चर तू खणायचे, राखायचे. तेवढ्यात अक्षय तृतीयेला हिरीत पाणी नाय दिसलं, तर माझ्या शेतातून गाड्या ने, मी सवता पुढं होऊन वाट दाखवीन."

मी एक बोट दाबलं. तू माझा पंजा दोनदा धरलास. दहा! मी हात झटकला. "पाव्हणे आलेत का रं घरी?" तू दुसरीकडं बघत विचारलंस, बापाच्या ढंगात. मी तीन दाबली. तू नऊ. मी म्हणालो, "यंदा पाडव्याला गाठ्या महाग होत्या." चार. तू आठ. मी पंजा धरला. तुझा हात थांबला. उन्हाचं तुझं तोंड घामानं डबडबलेलं, पण बोटं गार होती. तेव्हा मला वाटलं, विहिरीजवळ बसलीये म्हणून. मग तू पंजा धरलास आणि त्यावर दोन बोटं, हळू, एकेक.

सात. मी मान हलवली. तू पदर झटकलास.

मग खणायचं आलं, आणि तिथं मी शेण खाल्लं ते लपवत नाही. पैसे वाचावेत म्हणून मी मशीनवाल्याला सांगितलं, बांधाकडेनं सरळ रेघ मार, वरून खाली, दिवसात उरक. आडवं खणायला वळणं घ्यावी लागतात, वेळ जातो. आषाढात एका दुपारी अंगावर आल्यासारखा पाऊस झाला आणि माझ्या सरळ चरांनी पाच एकराचा गाळ आणून तुझ्या बागेत ओतला. तू गुडघाभर चिखलात उभी होतीस. मला वाटलं, आता शिव्या बसणार.

"किसना, पाण्याला अडवायला सांगितलं होतं," तू म्हणालीस. "तू तर त्याला सडक बांधून दिलीस की रं."

दिवाळीनंतर परत खणलं. या खेपेला तू मशीन येऊ दिलं नाहीस. माझ्या दुकानातली कूलरची लांब पारदर्शक नळी मागवलीस, तिच्यात पाणी भरलंस, आणि गवंडी करतात तशी दोन टोकं धरून आपण उतारावर सपाटी शोधत फिरलो. एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी. "वर घे! आणखी! बास!" दोघांत मिळून एकशे तीस वर्षांचे आपण, पोरांसारखे ओरडत होतो. अक्का, आयुष्यात मी पुष्कळ सौदे जिंकलो. पण त्या आठ दिवसांतलं सुख मला कशातही मिळालं नाही, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मी मजुरी जास्त गेली म्हणून कुरकुरत राहिलो.

तू दर अक्षय तृतीयेला पायऱ्या उतरून पाण्याच्या पातळीला दगडावर गेरूची रेघ ओढायचीस. पहिली रेघ, चर खणायच्या आधीची, पार तळाशी. दुसरी तिच्यावर हातभर. तिसऱ्या वर्षी पाऊस मेलेला, रेघ खाली आली, आणि मी धावत आलो होतो, "बघ, बुडाला का नाही तुझा चर!" तू बोट दाखवलंस. खाली आली होती, पण पहिलीच्या वरच होती. "वाईट सालातबी पहिल्यापेक्षा बरं," तू म्हणालीस. चौथी पुन्हा वर.

बरडावर गवत कमरेला लागायला लागलं. न लावता सीताफळं उगवली. मी दर महिन्याला यायला लागलो. तुझ्याशी भांडायला येतोय असं घरी सांगायचो.

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी तू गेलीस. आणि चौदाव्या दिवशी ठेकेदार हजर. पांढरे कपडे, पडलेलं तोंड. बसला, हळहळला, चहा प्यायला, आणि म्हणाला, "ताई गेल्या, फार वाईट झालं. पण किसनराव, आता अडचण नाही ना?"

अडचण! माझ्या बहिणीला अडचण म्हणाला. मी उठणार तेवढ्यात त्यानं आकडा सांगितला, आणि अक्का, खोटं कशाला बोलू, मी परत बसलो. सवय. आकडा चढवत नेला. चार वर्षांपूर्वीच्या दुपटीवर आणला. संदीप दाराशी उभा राहून बघत होता. वाट आता त्याच्या नावावर. ठेकेदारानं त्याच्याकडं बघितलं, तर तो म्हणाला, "मामा म्हणतील तसं. मला यातलं काही माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. तू त्यालाही सांगितलं नव्हतंस. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पदराखालचा तो आकडा जगात आता एकट्या मला ठाऊक आहे. मी म्हणालो असतो, चारच ठरले होते, तर चार. काहीच ठरलं नव्हतं म्हणालो असतो, तर काहीच नाही. तू जिवंत असतीस तर मी तुझ्याशी भांडलो असतो, रडलो असतो, सातातली तीन कमी करून घेतली असती. पण गेलेल्या माणसाशी घासाघीस कशी करायची? हात घालायला पदरच नाही.

मी ठेकेदाराला म्हणालो, "विचार करून सांगतो." आयुष्यात मी हे वाक्य कधी वापरलं नव्हतं. गिऱ्हाईक वापरतं, मी नाही.

तो गेल्यावर संदीपनं तुझी दवाखान्याची पिशवी माझ्यापुढं ठेवली. कंपनीतून विम्याचं काही मिळतं का बघायचं होतं. वाळूजला त्याची नोकरी, कागद लावायला त्याला सवड नाही, म्हणून मी लावत बसलो. तुझ्या किडनीचं आम्हाला कळलं ते गेल्या दिवाळीनंतर, डायलिसिस चालू झालं तेव्हा. पण पिशवीच्या तळाला पहिला कागद होता तो जुना. फार जुना. सौद्याच्या आधीच्या पौषातला. आपला सौदा चैत्रातला.

म्हणजे तू मला हात घालायला सांगितलंस तेव्हा तुला माहीत होतं. किडन्या निकामी होत चालल्याचं डॉक्टरनं लिहून दिलं होतं. तीन महिने ते पोटात ठेवून तू पदर पसरलास, दहापासून सुरुवात केलीस आणि सातावर आणलंस. जी वर्षं तुझ्याकडं नव्हतीच ती तू मला विकलीस! मी पंजा धरल्यावर तुझा हात थांबला होता तो का, ते मला आत्ता कळतंय. पाचावर हो म्हणाली असतीस तर खऱ्याच्या जवळ तरी गेलं असतं. तरी तू दोन बोटं वाढवलीस.

मी कागद हातात धरून ओरडलो. रिकाम्या घरात, एकटाच. संदीप बाहेरून आत आला नाही, शहाणा आहे.

राग उतरायला तीन दिवस लागले, आणि उतरवला तुझ्याच एका गिऱ्हाइकानं. खुलताबादच्या घाटात चहाचं दुकान आहे ते इब्राहिमभाई भेटायला आले. तू त्यांना पेरू द्यायचीस एवढंच मला माहीत होतं. माझ्या चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "किसनभाई, आपा ने मेरेकू भी फसाया."

"तुम्हाला? ते कसं?"

"मेरे टेकडी पे चर खोदने लगाया. बोले, खर्चा होयेगा, रोयेगा, फिर हसेगा. मैं रो लिया भाई. अब हसने का बाकी है."

"पाणी वाढलं का?"

"थोडा. पर घास ऐसी आयी के मेरी बकरियां आपा को दुआ देतीं."

मी हसलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग विचारलं, खणायला सपाटी कशी काढली? ते म्हणाले, "आपा एक कूलर की नल्ली लेके आये थे ना." माझी नळी! मला सांगितलं होतंस, उंदरानं कुरतडली.

अक्षय तृतीयेला मी पायऱ्या उतरलो. गुडघे दुखतात, संदीपनं हात धरला. तुझ्या चारही रेघा दगडावर होत्या. पाणी चौथीच्या वर होतं, दोन वितींनी. मी व्यापारी माणूस आहे, उगाच फुगवून सांगणार नाही. गेल्या साली पाऊसही बरा होता. त्यातलं चरांचं किती आणि आभाळाचं किती, हे मला वेगळं काढता येत नाही. खालच्या वस्तीच्या विहिरींनाही ओल आली आहे, त्यांनी मला काही दिलेलं नाही, आणि ते मला अजून खुपतं. बागेतली फुलं यंदाही उन्हानं गळली. चरांनी ऊन कमी केलं नाही, तू म्हणाली होतीस तसंच. पण वैशाखात माझा पाय घोट्यापर्यंत गार पाण्यात होता. तो कुठल्या रकान्यात मांडायचा ते मला माहीत नाही, एवढं माहीत आहे की खर्चाच्या नाही. मी गेरू घेतला आणि पाचवी रेघ ओढली. माझी वाकडी आली.

वर आल्यावर फोन करून ठेकेदाराला नाही म्हणालो. तो भाव आणखी वाढवायला लागला. अक्का, मी फोन ठेवला. भाव वाढत असताना फोन ठेवला! दुकानातल्या कुणाला सांगितलं तर डॉक्टरला बोलावतील.

वाटणीचंही मला त्या दिवशी समजलं. एकदा मी फार टोचल्यावर तू म्हणाली होतीस, "काळी दिली असती तर तू धंद्याच्या भांडवलासाठी पैल्याच साली इकली असतीस. बरडाला गिऱ्हाईकच नव्हतं, म्हणून ते ऱ्हायलं तुझ्याकडं." तेव्हा मी ताट ढकलून उठलो होतो. खरं होतं म्हणून उठलो. आज माझ्या नावावर जे काही आहे त्यात त्या बरडासारखं काहीच नाही. हे तुझ्या तोंडावर बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही. घे, आता लिहून दिलं.

सौद्याची तीन वर्षं उरली आहेत, ती मी पाळीन. पण तीन संपल्यावर काय? ठेकेदार कुठं जात नाही, आणि ऊनही नाही. संदीप तुझी लुगडी वाटून टाकायला गाठोडं बांधत होता. त्यातलं जुनं, पेरूच्या डागांचं, मी ओढून घेतलं. थारोळ्यावर टोक पसरलं.

"बोटांचं येतं का रे तुला?"

"आईनं शिकवलंय, मामा."

"मग घाल हात. तुझ्या वाटेनं मुरमाची गाडी जायची नाही. चरांची डागडुजी निम्मी तुझी, निम्मी माझी. किती वर्षं, ते बोल. आकडा दहाचा."

त्यानं एक बोट दाबलं. दहा. मी दोन दाबली. तो माझ्याकडं बघायला लागला, मी डाफरलो, "तोंड तिकडं!" त्यानं मान वळवून किल्ल्याकडं बघितलं. "कंपनीत यंदा बोनस बरा हाय म्हणतात," तो म्हणाला. अगदी आपल्या बापाचा ढंग, तुझ्याकडून आलेला. मग त्यानं माझी दोन बोटं घट्ट धरली. वीस.

मी सदुसष्ट वर्षांचा आहे, अक्का. वीस वर्षांतली निम्मी डागडुजी मी कबूल केली आहे. माझ्याकडं किती आहेत ते मला ठाऊक नाही, पण वीस नाहीत, हे बोटांवर मोजून सांगतो. म्हणजे मीही तेच केलं. नसलेला माल विकला, आपल्याच भाच्याला, तुझ्याच लुगड्याखाली. त्याच्या लक्षात आलं नसेल असं नाही. येऊनही गप्प राहिला असेल, तर तो तुझाच मुलगा.

पण एक दिवस तो दोन माणसांचं काम एकट्यानं करत त्या उतारावर उभा राहील, आणि माझ्यासारखाच ओरडेल, मला फसवलं म्हणून. रान त्यांचं, खर्च माझा, आणि ते गेले निघून. त्याचं ओरडणं रास्त असेल. त्याला जबाब मिळाला पाहिजे. धूर करणाऱ्यांनी द्यायचा तो जबाब त्यांच्याकडून मी मागत राहीन, जिवात जीव आहे तोवर. पण या पदराखालच्या लबाडीची सुरुवात तू केलीस, अक्का. मी शिकाऊ माणूस. तो मागाहून वर, आपल्यापाशी विचारायला आला की मी तुझ्याकडं बोट दाखवणार, एकच बोट, रुमालाबाहेर काढून. तेव्हा खुरपं खाली ठेव, आणि त्याच्या तोंडाकडं बघून तूच उत्तर दे.